घरखर्चाची वही

आमच्या घरी वर्षानुवर्षे दोन वह्या आहेत. एक दुकानातली, लाल कापडी बांधणीची, जिचे दिवाळीला पूजन होते. दुसरी स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवलेली, शाळेच्या वहीसारखी साधी. तिच्यावर आजवर कोणी स्वस्तिक काढलेले नाही. पहिलीत व्यापार असतो, दुसरीत घर. या दुसऱ्या वहीत प्रथम सासूबाईंनी लिहिले, १९८३ पासून मी लिहिले आणि गेली काही वर्षे थोरली सून लिहिते. तिघींच्या अक्षरांत फरक आहे, रकाने मात्र तेच आहेत. या वहीने आम्हाला पुष्कळ दिवस चांगले सांभाळले आणि एका वर्षी चांगलेच लाजवलेही. त्याविषयी लिहावे असे मनात होते.

माझे माहेर नांदेडचे. इतवारा भागात वडिलांचे किराणा मालाचे छोटे दुकान होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी ज्वारी मिळे, तिला सगळे मिलो म्हणत. तिची भाकरी थापताना कडेला चिरत असे आणि गार झाली की चामड्यासारखी होई. शाळेत सुकडी मिळे. शहराबाहेर दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा दिसत. आमच्या दुकानात त्या वर्षीही दोन पोती चांगला शाळू होता. तरीही घरात मिलोच शिजे. आईने एकदा विचारले, तेव्हा अण्णा एवढेच म्हणाले, "शाळूच्या भाकरीचा वास भिंतीपलीकडे जातो." शेजारचे घर विणकर कामगाराचे होते. त्या वेळी मला ते वाक्य समजले नाही, भाकरी गिळत नसल्याचा रागच अधिक होता. पण चार माणसांच्या नजरेला काय पडते याचा हिशेब व्यापाऱ्याच्या घरात सतत चालू असतो, हे मी तेव्हा प्रथम पाहिले.

लग्न होऊन लातूरला आले ते १९८३ साली. लातूर जिल्हा होऊन वर्षही उलटले नव्हते. गंजगोलाईच्या मधोमध जगदंबेचे मंदिर, भोवती दुकानांचे वर्तुळ आणि त्यातून फुटणारे सोळा रस्ते. त्यांपैकी एका रस्त्यावर सासऱ्यांची अडत होती. तूर, मूग, उडीद, हरभरा, करडई. खेड्यांतून आलेला माल दुकानापुढे उतरे, त्याचा सौदा होई, मापाडी मोजी, हमाल उचली आणि शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडे. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी अजून धावत होती. ती इतकी सावकाश चाले की उतरून शेतातल्या ओंब्या तोडाव्यात आणि पुन्हा चढावे, असे सासरे गमतीने सांगत. मिरजेपर्यंत जाणाऱ्या त्याच वाटेने पुढे काय यायचे होते, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

सासूबाई १९५१ साली सोळाव्या वर्षी या घरात आल्या. त्या वेळी या भागात अजून निजामाचा हाली रुपया चालत होता आणि सोबतीला भारत सरकारचा कलदारही. सात हाली म्हणजे सहा कलदार. भाजीवाली हालीत बोले, कापडवाला कलदारात. शाळा दुसरीपर्यंतच झालेली, पण या दोन रुपयांच्या हिशेबाने त्यांचे गणित असे पक्के झाले की पुढे आम्ही यंत्रावर बेरीज करेपर्यंत त्या उत्तर सांगून मोकळ्या होत.

त्यांच्या काटकसरीला आरंभ-शेवट नव्हता. पोत्याची शिवण त्या कधी कापू देत नसत. सुतळीचे टोक शोधून ओढले की सारी शिवण सरसर उसवते. ती सुतळी फडताळातल्या गुंड्यावर गुंडाळली जाई. मुलांच्या पतंगाच्या गाठी, वाळवणाची दोरी, पार्सलाची बांधणी, सारे त्या गुंड्यातून होई. आलेली पाकिटे उलटी करून पुन्हा चिकटवली जात. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर वाण्याची यादी लिहिली जाई. करडईच्या तेलाचा रिकामा डबा वरून कापून, कडा ठोकून धान्याला वापरला जाई. जुने लुगडे गोधडीत जाई, गोधडी विरली की तिचे पायपुसणे, त्याचे पोतेरे. पोतेऱ्याच्या पुढे काय, असे मी एकदा थट्टेने विचारले, तर म्हणाल्या, "पोतेऱ्याच्या पुढे चूल."

चैत्र-वैशाखात वर्षाचे धान्य भरले जाई. ज्वारी, गहू गच्चीवर तीन उन्हे खात, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लागे, कोठीच्या तळाशी कडुलिंबाचा वाळका पाला पसरला जाई. दुकान डाळीचे असले तरी चांगला माल गिऱ्हाइकाचा आणि तुकडा आपला, हा दंडक होता. डाळ मिलमधून आलेल्या पोत्यातला सारखा दाणा विकायला जाई, फुटका दाणा घरच्या वरणाला. "शिजल्यावर दोन्ही सारखेच," हे सासूबाईंचे मत. ते खरेही आहे, उलट तुकडा लवकर शिजतो. डाळ अर्धा तास भिजवली, कुकरात तीन भांडी एकावर एक रचली आणि दोन शिट्ट्यांनंतर आच बंद करून वाफेवर सोडली, की एका सिलिंडरमागे पाच-सहा दिवस सहज वाढतात. मी हे आजही करते आणि कोणालाही सांगेन.

आपल्या घरांत काही गोष्टी धर्म म्हणून होतात आणि त्यांत पैसाही वाचतो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकले की रात्रीचे दुसऱ्यांदा रांधणे नाही, दिवा नाही. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य, आणि नेमकी पावसाळ्यातच ती महाग आणि चिखलाने भरलेली असते. ताट धुऊन पिण्याची सवय असलेला माणूस ताटात आधीच बेताचे वाढून घेतो, कारण उरलेले स्वतःलाच गिळायचे असते. दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. त्यामुळे आमच्या घरी पीठ कधी वाया गेल्याचे मला आठवत नाही, इतके ते साठूच शकत नाही. पण धर्माने सगळीकडेच पैसा वाचतो असे मानणेही चूक आहे. पाणी उकळायला इंधन लागते. वर्षाचे धान्य भरताना एखाद्या कोठीत किडे झाले तर ते धान्य दळता येत नाही, मग स्वस्तात भरलेले महागात पडते. सासूबाई त्या बाबतीत फार जागरूक असत. श्रावणात दर आठवड्याला कोठीत कोपरापर्यंत हात घालून त्या धान्याची ऊब पाहत. ऊब जाणवली की त्याच दिवशी सारे धान्य पंख्याखाली.

हे सारे करताना घरात कोणाला कमी पडले असे झाले नाही. कामाला येणाऱ्या बाईचा पगार मात्र काटकसरीत धरायचा नाही, हा त्यांचा नियम होता. "तिच्या घरीही वही आहे," असे त्या म्हणत. या नियमाची आठवण पुढे मला बोचणार होती.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडे पडले. नळाला पाणी येणे महिन्यांवर गेले, मग बंदच झाले. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची पहिली पाण्याची गाडी आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. तिला जलदूत असे नाव दिले होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका फेरीला पंचवीस लाख लिटर. शंभरावर फेऱ्या झाल्या. ज्या वाटेने सासऱ्यांची डाळ छोट्या गाडीतून जात होती, त्याच वाटेने, रुंद झालेल्या रुळांवरून आता शहराला पाणी येत होते. सासरे हे पाहायला नव्हते.

त्या चार-पाच महिन्यांत आमच्या गल्लीत प्रत्येक घर सासूबाईंचे घर झाले होते. परातीत बसून अंघोळ, त्या पाण्यात कपडे, त्या पाण्याने फरशी आणि उरले ते संडासात. भांडी कोरड्या राखेने घासून फडक्याने पुसली जात. शेजारच्या वहिनी एके दिवशी हसत म्हणाल्या, "तुमच्यासारखं ताट धुऊन प्यायला आम्हीही शिकलो, भांडं धुवायला पाणीच नाही ना." सासूबाईंची वेगळीच अडचण होती. पाणी गाळल्यावर गाळण्यातले जीव ज्या विहिरीचे त्या विहिरीत परत सोडायचे, हा नेम त्यांनी पासष्ट वर्षे पाळला होता. टँकरचे पाणी कोणत्या विहिरीचे? टँकरवाल्याला त्यांनी दोनदा विचारले. तिसऱ्या वेळी त्याने त्यांच्यासाठी विहिरीच्या मालकाचे गाव विचारून आणले. ते गाव चौदा किलोमीटरवर होते. मग त्या पाण्याचा तांब्या तोच टँकरवाला दुसऱ्या खेपेला घेऊन जाऊ लागला. लातूरच्या त्या उन्हाळ्यात पाण्यावरून डोकी फुटत होती, तेव्हा एक माणूस पाण्याचा तांब्या परत न्यायला तयार झाला, हे मी स्वतः पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट पाहिली. टँकरच्या रांगेत डाळ मिलचे मालक आपल्याच हमालामागे घागर घेऊन उभे होते. बादलीत अंघोळ करतो हे सांगायला कोणालाही संकोच वाटत नव्हता. उलट कोण किती कमी पाण्यात भागवतो यावर गप्पा चालत. सगळ्या गावाची वही एकदम उघडी पडली होती आणि कोणाचीही पत त्यामुळे कमी झाली नव्हती. त्या वेळी मी हे केवळ गंमत म्हणून पाहिले. पुढच्याच वर्षी त्याचा अर्थ कळला.

२०१५ साली किरकोळ बाजारात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या आसपास गेली होती, हे वाचकांना आठवत असेलच. त्या भावाकडे पाहून शेतकऱ्यांनी २०१६ च्या खरिपात तूर भरपूर पेरली, पाऊसही चांगला झाला आणि २०१७ च्या सुरुवातीला बाजारात तुरीचा पूर आला. हमीभाव क्विंटलला ५०५० रुपये असताना बाजारात चार हजारांच्या आसपास सौदे होऊ लागले. सरकारी खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. चढ्या भावात माल घेऊन बसलेले अनेक जण बुडाले. अडत्याची स्थिती अशी असते की शेतकऱ्याची पट्टी त्याला लगेच चुकवावी लागते आणि खरेदीदाराकडून पैसे सवडीने येतात. आमचा एक मोठा खरेदीदार असाच कोसळला. त्याच्याकडे अडकलेली रक्कम इथे लिहीत नाही, पण ती वाचून यजमानांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ तो पुन्हा घातला नाही.

घरखर्च कमी करायचा असे ठरले. मी वही घेऊन बसले आणि माझ्या हातून पहिलीच चूक झाली. भांडी घासणाऱ्या बाईंना दिवाळीला दरवर्षी एक पगार जास्त दिला जाई, त्या वर्षी मी अर्धाच दिला. त्या काही बोलल्या नाहीत. सासूबाईंनी मात्र रकाना पाहिला आणि वही मिटून ठेवली. दुसऱ्या दिवशी उरलेला अर्धा पगार मी त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो घेतला, पण "राहू द्या ना बाई, तुमचंही अवघड चाललंय म्हणतात," असे म्हणाल्या. म्हणजे घरातली गोष्ट बाहेर गेली होतीच. कोठून गेली, तर माझ्याच अर्ध्या पगारातून.

त्यानंतर थोरल्या सुनेने वहीचा ताबा घेतला. ती पुण्याची, वाणिज्य शाखेची पदवीधर. लग्न होऊन आली तेव्हा सुतळीच्या गुंड्याला हसली होती. २०१८ च्या उन्हाळ्यात तिने तीन संध्याकाळी बसून आमच्या साऱ्या लहान काटकसरींची रुपयांत किंमत काढली. वर्षाचे धान्य एकदम भरल्याने महिन्याला सरासरी ५०० रुपये वाचतात. पापड, येसर, मसाले घरी केल्याने ४००. गॅस २५०. अन्न वाया न गेल्याने २००. वीज १५०. जुने कपडे वापरून १५०. सुतळी, पाकिटे, कागद मिळून ५०. एकूण १७०० रुपये महिना, वर्षाचे २०,४००. मला तो आकडा बराच वाटला आणि मी तसे म्हणालेही.

ती म्हणाली, "आई, थांबा. अजून एक ओळ आहे."

तिने २०११ सालच्या वहीतले पान काढले. थोरल्या मुलाचे लग्न. म्हणजे तिचे स्वतःचेच. अठराशे पाने, दोन दिवसांचा मांडव, बाहेरून आलेले आचारी, सुक्या मेव्याच्या पेट्यांतून वाटलेल्या पत्रिका, रोषणाई. आमच्या बाजूचा खर्च चौदा लाख. तिने चौदा लाखांना २०,४०० ने भागले. उत्तर आले अडुसष्ट वर्षे आणि सात महिने.

"भाववाढ मी धरलेलीच नाही," ती हळू आवाजात म्हणाली. आपण घरातल्या थोरांना दुखावले की काय, अशी भीती तिच्या चेहऱ्यावर होती.

कोणी बोलेना. सासूबाईंनी बोटांवर काही मोजले. "मी एकावन्न साली आले," त्या म्हणाल्या. "म्हणजे सदुसष्ट झाली. माझी अजून दीड वर्षाची बाकी आहे तर."

आणि त्या हसल्या. आम्ही कोणी हसू शकलो नाही. पोत्याची शिवण उसवणारे, धान्याची ऊब पाहणारे, पाकिटे उलटी करणारे ते हात समोरच मांडीवर होते. त्यांचा अख्खा संसार आम्ही दोन दिवसांत जेवून उठलो होतो, आणि त्या वेळी पंगतीत सर्वांत जास्त आग्रह मीच करत होते.

हे लिहिताना माझ्या मनात कोणाच्या समारंभाविषयी आकस नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे लग्न झाले त्यांना ते कसे होते हे ठाऊक आहे. कोणीही उधळपट्टी करायला बसत नाही. एक यादी असते, तिच्यात एक नाव घातले की त्याच्या बरोबरीची चार घालावी लागतात. आणि त्या यादीमागे एक भीती असते, जी घरातल्या वहीत लिहिली जात नाही. धाकट्या मुलाचे लग्न त्याच वर्षी मार्गशीर्षात ठरत होते. सून म्हणाली, दीडशे माणसांत करू. यजमान इतक्या वेळात पहिल्यांदा बोलले. "घरात मी मीठ-भाकरी खाईन. पण हे लग्न लहान केलं तर उद्या गंजात सगळे म्हणतील, पेढी डळमळली. मग ठेवी परत मागायला रांग लागेल. खर्च वाचवायला गेलो आणि दुकान बुडालं, असं होईल."

ते खरे बोलत होते. त्या काळी अडतीवर शेतकऱ्यांच्या, म्हाताऱ्या-विधवांच्या ठेवी असत. कागदावर एक ओळ आणि बाकी विश्वास. तो विश्वास माणसाच्या अंगावरच्या कपड्यांवरून, लग्नातल्या पंगतीवरून मोजला जातो. अण्णांनी मिलो खाऊन शेजाऱ्याला आपले सुख दिसू दिले नव्हते. आम्ही आता चांगल्या दिवसांचे सोंग आणून अडचण दिसू द्यायची नाही म्हणत होतो.

आठ दिवस वाद झाला. धाकटा मुलगा म्हणाला, लग्न माझे आहे, मला कर्जातले लग्न नको. नणंदबाईंना कळले तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या, "दादाच्या घरचं शेवटचं लग्न, आणि तेही असं उरकणार?" नांदेडचे व्याही भले माणूस, पण त्यांचीही अडचण होती. लग्न लहान झाले तर मुलीत काही खोट आहे असे लोक म्हणतील, आणि तिच्या पाठची बहीण अजून लग्नाची आहे. हे ऐकून मीही डगमगले. शेवटी सासूबाईंनी यजमानांना विचारले, "ठेवी किती आहेत?" त्यांनी आकडा सांगितला. "त्या सगळ्या उद्या मागितल्या तर देता येतील?" यजमान म्हणाले, "लग्न मोठं केलं तर नाही. लहान केलं तर बहुतेक."

त्या "बहुतेक"वर निर्णय झाला.

लग्न दीडशे माणसांत झाले नाही, साडेतीनशेंत झाले. दोन्हीकडची समजूत घालता घालता तेवढी वाढलीच. सकाळचा मुहूर्त धरला, जेवणे दुपारी आटोपली, सूर्यास्ताच्या आत मांडव मोकळा झाला. त्यामुळे रोषणाईचा प्रश्नच आला नाही. पोळी, वरण-भात, दोन भाज्या, कोशिंबीर, एक गोड. पत्रिका साध्या, एका घडीच्या. आहेर घ्यायचा नाही, द्यायचा नाही. आमच्या बाजूचा खर्च तीन लाख नव्वद हजार. नातवाईकांपैकी काही जण आले नाहीत, काही आले आणि जेवले नाहीत. एका ज्येष्ठ गृहस्थांनी यजमानांना बाजूला घेऊन, काही मदत लागली तर सांगा, असे म्हटले. त्यांचा हेतू चांगला होता, पण यजमान त्या रात्री जेवले नाहीत.

आणि ठेवी मागायला माणसे आली. यजमानांची भीती खोटी ठरली असे लिहिता आले असते तर बरे वाटले असते. पौषात तिघे आले. त्यांतले एक औसा तालुक्यातले म्हातारे शेतकरी, सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. ते ओशाळून बसले होते. "नातवाच्या शिक्षणाला लागतात," म्हणाले. नातू तिसरीत होता, हे आम्हाला ठाऊक होते आणि आम्हाला ठाऊक आहे हे त्यांनाही. यजमानांनी पूर्ण रक्कम व्याजासह मोजून दिली. तिघांनाही दिली. लग्नात वाचलेले पैसे तिथेच गेले. म्हाताऱ्यांनी नोटा दोनदा मोजल्या, धोतराच्या कनवटीला लावल्या आणि चहा घेतला. पुढच्या दिवाळीत त्यांचे सोयाबीन आमच्याच दुकानापुढे उतरले. ठेव मात्र त्यांनी पुन्हा ठेवली नाही.

सासूबाई २०१९ च्या चातुर्मासात गेल्या. उशाखाली काही दडवलेले पैसे, सोन्याची वेढणी असे काही निघाले नाही. त्यांच्या वहीत सारे होते आणि ते जुळत होते.

पुढे २०२० साली साथ आली आणि लग्नाला पन्नासच माणसे असा सरकारी नियम झाला. ज्यांच्या घरी दोन-दोन हजार पाने उठायची, तिथे पन्नासांत लग्ने लागली. कोणी कोणाला पेढी डळमळली का, असे विचारले नाही. पाण्याच्या रांगेत पाहिले होते तेच पुन्हा पाहिले. सगळ्यांनाच करावे लागले की लाज कोणाच्याच वाट्याला येत नाही. साथ ओसरताच मात्र याद्या पुन्हा लांबल्या, रोषणाई परतली. आम्ही २०१८ साली काही मोठे धाडस केले असे मला वाटत नाही. पैसेच नव्हते. पैसे असते तर आम्हीही अठराशे पाने उठवली असती आणि सुतळीची गाठ सोडवण्यात समाधान मानत राहिलो असतो.

नणंदबाई आठ महिने आमच्याशी बोलल्या नव्हत्या. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचे लग्न ठरले. एके दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या, सांधेदुखी झाली, नातवंडे झाली. मग त्या सहज विचारावे तसे म्हणाल्या, "वहिनी, साडेतीनशे माणसांना वरणाला डाळ किती लागली होती गं तुम्हाला?"

मी म्हटले, थांबा, वही काढते. फडताळात सुतळीच्या गुंड्याखाली ती होती. मार्गशीर्षाचे पान सुनेच्या अक्षरातले. तूरडाळ साडेबारा किलो, त्यातली सव्वा किलो उरली होती.

"तुकडा की अख्खी?" नणंदबाईंनी विचारले.